आईच्या आठवणींचं पुस्तक करून देणारी सर्विस : साडेतीन स्टार, त्यातला अर्धा मी माझाच कापलाय

आधी पैशाचं सांगते, कारण रिव्ह्यू उघडला की सगळे आधी तेच शोधतात, मी पण तेच शोधते. 42,000 अधिक जीएसटी. त्यात दीड-दीड तासाच्या 5 बैठका, रेकॉर्डिंग, शब्दांकन, संपादन, 24 जुने फोटो स्कॅन करून साफ करून, डेमी साइजमधे 40 प्रती, मॅपलिथो कागद, परफेक्ट बाइंडिंग, कव्हरला मॅट लॅमिनेशन. 3 महिने सांगितले होते, साडेपाच लागले. आम्ही दोघा भावंडांनी अर्धे अर्धे भरले. दादा अमरावतीला असतो, मी पुण्यात, सिंहगड रोडला. बाबा गेल्यावर आई माझ्याकडे आली आणि गेल्या वर्षी ती 75 ची झाली, तर साडी-बिडी नको, काहीतरी राहील असं करू म्हणून हे.

नाव टाकत नाहीये. माणसं वाईट नाहीत, फसवलं वगैरे काही नाही आणि जे झालं त्यात माझाही वाटा आहे, तो खाली येईलच. पण पुण्यात आता असं काम करणारे बरेच झालेत, आईवडिलांच्या आठवणी लिहून देतो, कुटुंबाचा इतिहास करून देतो, आणि सगळ्यांची पद्धत साधारण सारखीच असावी, म्हणून सविस्तर लिहितेय. विशेषतः तुमचं माणूस पुण्या-मुंबईचं नसेल तर शेवटपर्यंत वाचा.

रेकॉर्डिंगला आलेला मुलगा एक नंबर होता. पंचविशीचा असेल, बूट बाहेर काढून आला, आईला काकू काकू करत खाली सतरंजीवर बसला, माइक असा लपवून ठेवला की 10 मिनिटांत आई विसरून गेली. म्हणजे माइक विसरली, पण पुस्तक नाही विसरली. पहिल्या बैठकीत ती जे काही बोलली ते ऐकून मी किचनमधे कपाळाला हात लावला. "आमचे बालपण अत्यंत साधेपणात गेले. वडील शेती करीत. शिक्षणाची आवड होती परंतु परिस्थिती नव्हती." ही माझी आई? दर्यापूर तालुक्यातल्या गावात जन्म गेलेली, जी मला अजून फोनवर "कुठी मेली होती वं?" म्हणते ती? आकाशवाणीवर मुलाखत चालू असल्यासारखं. एक तास वीस मिनिटं हेच.

दुसऱ्या बैठकीला त्या पोराने हुशारी केली. विषयच सोडला आणि विचारलं, काकू शेतात जेवायला काय न्यायच्या तुम्ही? झालं. आई जी सुटली ती पाचव्या बैठकीपर्यंत थांबली नाही. खारपाणपट्ट्यातलं गाव, विहिरीचं पाणी खारं, त्यात तुरीची डाळ शिजत नाही, दाणा दाणा वेगळा राहतो, म्हणून गोडं पाणी आणायला पहाटे अंधारात निघायचं, त्या वाटेवर कोण कोण असायचं, कोणाची घागर फुटली आणि तिच्या सासूने काय केलं. मी तिची मुलगी, मला यातलं निम्मं माहीत नव्हतं. ह्या बैठकांसाठी मी 5 पैकी 5 देते, बिनशर्त. घरातल्या माणसाला घरातले लोक असं बसून विचारत नाहीत हो.

मग 2 महिने शांतता. मग पीडीएफ आलं, आणि सोबत 5 डमी प्रती पण छापून पाठवल्या, बघायला कशा दिसतात म्हणून. दिसायला सुंदर. फोटो तर इतके साफ केलेत की बाबांच्या लग्नाच्या कोटाचं बटण दिसतं. आई चष्मा लावून गॅलरीत खुर्चीवर बसली. मी भाजी निवडत होते आणि तिच्याकडे बघत होते, रडेल की हसेल. 11 पानं वाचली, चष्मा काढला, पदराने पुसला, परत लावला नाही.

म्हणाली, "छान हाये. पन हे कोन बोलून रायलं?"

मला आधी कळलंच नाही. मग मी वाचायला घेतलं.

गमतीजमती आधी सांगते. आईचं वाक्य होतं, वांग्याच्या भाजीवर सांबार टाकला की वास घरभर. आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. विदर्भात कुठल्याही भाजीवाल्याकडे जा, सांबार म्हटलं की जुडी हातात देईल. पुस्तकात काय, तर "वांग्याच्या भाजीवर गरम सांबार ओतल्यावर घरभर सुवास दरवळत असे." ओतल्यावर! आई म्हणे, "मी वांग्याच्या भाजीत इडलीचं सांबार कायले टाकीन वं?" दुसरं. धुरा म्हणजे शेताचा बांध. "हे धुऱ्यावर बसून भाकर खात" याचं झालं "हे धुरात बसून भाकरी खात असत." म्हणजे बाबा शेतात धूर करून त्यात बसून जेवायचे, का ते लेखकालाच माहीत. आणि तिसरं म्हणजे कळस. आमच्याकडे मूर्तिजापूर ते अचलपूर नॅरोगेज गाडी होती, 76 किलोमीटर, तीच शकुंतला, यवतमाळकडे जायची ती तिची दुसरी फांदी. सगळे शकुंतला म्हणतात, गाडी कोणी म्हणत नाही. आई लग्नानंतर पहिल्यांदा माहेराहून शकुंतलेनं अचलपूरला गेली मावशीकडे. पुस्तकात आई "शकुंतलेसोबत" अचलपूरला गेली. दादाने व्हॉट्सॲपवर विचारलं, ही शकुंतला कोण? बाबांच्या नात्यातली का? आम्ही तिघं फोनवर इतके हसलो की आईला ठसका लागला.

ह्या चुका आहेत, चुका दुरुस्त होतात. लिहिणारी मुलगी सातारकडची होती असं नंतर कळलं, तिला काय माहीत धुरा. डवरणीचं तिने कोळपणी केलं ते तर चूक पण नाही, उभ्या पिकातलं तण काढायचं तेच काम आहे, तिकडे त्याला तसं म्हणतात. फक्त आईने आयुष्यात कधी कोळपलं नाही, तिने डवरलंय.

खरी गोष्ट ह्या चुकांच्या मधल्या पानांवर होती, जिथे एकही चूक नव्हती.

आई म्हणाली होती (माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे, ते मागून घ्या, सगळ्यांनी मागून घ्या), "आमी सकायी पान्याले जावो. मावशी पुढं राहे, मी मांगं. अंधार राहे, मले भेव वाटे, पन सांगू कोनाले." पुस्तकात, "आम्ही पहाटे पाणी आणण्यासाठी जात असू. मावशी पुढे असे व मी मागे. अंधारामुळे मला भीती वाटत असे, परंतु ती कोणापाशी व्यक्त करण्याची सोय नव्हती."

बघा, अर्थ तोच आहे. व्याकरण चोख. पण जात असू म्हणणारी बाई वेताच्या खुर्चीत बसलेली असते, तिच्या मागे पुस्तकांचं कपाट असतं, आणि ती पाणी आणायला गेलीच असेल तर हौसेनं गेली असेल. जावो, राहे, वाटे. रोज रोज व्हायचं ते सांगायला वऱ्हाडीत एवढंसं क्रियापद पुरतं, त्याच्या मागे असे-असत-असू लावावं लागत नाही. आई ती वाक्यं पाऊल टाकल्यासारखी बोलते, एक, एक, एक. पुस्तकात ती सगळी दम लागल्यासारखी लांब झाली होती. आणि "सांगू कोनाले" या दोन शब्दांचं काय केलंय ते परत वाचा. व्यक्त करण्याची सोय नव्हती. जशी काही नळाची सोय नव्हती.

मी फोन लावला. संपादन करणाऱ्या मॅडम निवृत्त शिक्षिका, बोलायला अतिशय गोड. म्हणाल्या, "अहो, बोली भाषा सलग वाचायला जड जाते वाचकाला. तरी आम्ही ग्रामीण टच ठेवलाय ना." ठेवला होता खरा. दर चार-पाच पानांनी एकदा "अवं माय!" तिरक्या अक्षरात. वरून सांबार भुरभुरावा तसा. मी म्हटलं, मॅडम वाचक कोण? 40 प्रती आहेत, त्यातल्या 30 दर्यापूर, अंजनगाव आणि अमरावतीत जाणार, तिथे कोणाला जड जाणारे? त्या म्हणाल्या, "पुढची पिढी पण वाचणार ना, तुमची मुलं." आता यावर मला पटकन बोलता आलं नाही, कारण माझा मुलगा आजीला कधी कधी "आजी काय बोलतेय?" असं मलाच विचारतो.

मग त्या म्हणाल्या शुद्धलेखनाचे नियम आहेत, आपल्याला ते पाळावे लागतात. इथे मात्र मी तयारीत होते. मराठी साहित्य महामंडळाचे 1962 चे नियम, तेव्हा 14 होते, 1972 ला 4 वाढवून 18 झाले, बरोबर? त्याच नियमांमधे असंही आहे की कोणाच्या तोंडचं बोलणं लिहायचं असेल तर त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहावं. पूर्ण पुस्तक आईच्या तोंडचं आहे. मॅडम थोड्या थांबल्या आणि हसून म्हणाल्या, "मुद्दा बरोबर आहे तुमचा. पण तुम्हीच तर सांगितलं होतं."

मी?

त्यांनी फॉर्मचा फोटो पाठवला. पहिल्या दिवशी भरलेला. नाव, पत्ता, पानं किती, कव्हरचा रंग, आणि खाली एक ओळ, "भाषा शुद्ध करून हवी का?" त्यासमोर हो वर टिक. निळ्या पेनाने, चांगली ठळक, आणि खाली माझी सही.

मला ती टिक केल्याचं आठवतही नाही. म्हणजे विचार करून केली असती तर आठवली असती. विचारच केला नव्हता, भाषा शुद्ध करून हवी का म्हणजे टेबल पुसून देऊ का असं विचारल्यासारखं, हो, द्या की. हा जो अर्धा स्टार कापलाय म्हटलं तो इथला.

थोडं विषयांतर, पण आहे ते याच रिव्ह्यूतलं. मी 2001 ला पुण्यात आले, हॉस्टेलला. पहिल्याच आठवड्यात मेसला जाताना रूममेटला म्हणाले, "मी येतो, तू हो पुढं." आमच्याकडे बायकाही येतो-जातोच म्हणतात, त्यात काही पुरुषी नाही. त्या खोलीत तिघी होत्या, तिघी हसल्या. वाईट हसल्या नाहीत, प्रेमानेच हसल्या, "येतो? तू काय मुलगा आहेस?" आणि मग महिनाभर मला येतो म्हणूनच हाक मारायच्या, ए येतो, इकडे ये. त्याच महिन्यात मंडईत गेले आणि भाजीवाल्याला म्हटलं, 2 रुपयाचा सांबार द्या. तो म्हणाला, "सांबार हॉटेलात मिळतं ताई." शेजारच्या बायका हसल्या. मी पण हसले. कोथिंबीर हा शब्द मी त्या दिवशी घेतला तो आजपर्यंत खाली ठेवला नाही. मले गेलं, काहून गेलं, "करून राहिले" दिवाळीपर्यंत गेलं. ते जाताना काही दुखलं-खुपलं नाही बरं का, उलट फार बरं वाटलं होतं. पहिल्या सेमिस्टरच्या शेवटी कोणीतरी म्हणालं, तू विदर्भातली वाटतच नाहीस, आणि मी थँक्यू म्हणाले. अगदी मनापासून.

सांगायचं कारण असं की 20 एक वर्षांनी तोच सांबार पुस्तकात हॉटेलचा होऊन आला तेव्हा मी त्या सातारच्या मुलीवर किती चिडू? तिने आईला एकदाच पुण्याची केलं. मी स्वतःला रोज करत आलेय.

असो. पुन्हा करायचं ठरलं. 6,500 जास्तीचे घेतले, सेटिंग परत करावं लागतं म्हणून. यावर मी वाद घातला नाही, टिक माझी होती. फक्त अट घातली की शब्दांकन मी तपासणार. त्यांनी ऑडिओ आणि वर्डची फाइल दिली. वर्डची फाइल युनिकोडमधे होती हे चांगलं, बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून जुने फॉन्ट असतात आणि ती फाइल आपल्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती चिन्हं दिसतात, तर हे आधी विचारून घ्या.

मला वाटलं 2 रविवारचं काम. 7 रविवार लागले. फोन आडवा ठेवायचा, ऑडिओ लावायचा, ऐकायचं आणि टाइप करायचं, इतकं सोपं. पहिल्या दिवशी 4 पानं झाली. खूश होऊन परत ऑडिओ लावून ताडून बघितलं, तर आई मले म्हणतेय आणि मी मला लिहिलंय. एक दोन ठिकाणी नाही, 19 ठिकाणी. कानाने मले ऐकलं आणि बोटांनी मला टाइप केलं आणि मधे कोणी विचारलंच नाही. आणि जिथे मी आठवणीने मले टाइप केलं तिथे फोनच्या कीबोर्डने त्याचं मेले केलं. "मले भेव वाटे" चं "मेले भेव वाटे". कीबोर्डला बिचाऱ्याला काय बोलणार, त्याला मी आतापर्यंत जी मराठी टाइप करून शिकवली तीच तो मला परत देत होता. हळूहळू शिकला तो. आता उलटा त्रास, परवा ऑफिसच्या ग्रुपवर "का" लिहिलं तर वर "काहून" सुचवलं. टाकणार होते तसंच. नाही टाकलं.

मग खरा घोळ आला, य आणि ळ चा. आमच्याकडे ळ बोलण्यात बहुतेक य होतो, डोळा डोया, शाळा शाया, आभाळ आभाय. मी जोशात होते, सगळीकडे य केले. सकायी, शायेत, कायजी, जवय. आता अगदी खरं खरं झालं म्हणून आईला 2 पानं मोठ्या अक्षरात प्रिंट काढून दिली. आईने वाचली आणि मॅडमच्या पुस्तकापेक्षा जास्त रागावली.

"हे काय लिवलं? मी अडानी हाओ काय? सातवी शिकली मी, माह्या मास्तरनं ळ शिकोला मले."

मी म्हटलं पण तू बोलतेस तर य. तर म्हणे बोलते तर बोलते, लिवाचं कायले? आणि मग तिने जो नियम सांगितला तो मी शब्दशः लिहून ठेवलाय. "लिवतानी ळ लिव. आपल्याकडचा वाचनारा आपोआप य वाचते. अन् पुन्याचा ळ वाचते. दोघायचंबी भागते."

आता मला सांगा, ही बाई सातवी शिकलेली. मी एमए. मॅडम 30 वर्षं मराठी शिकवत होत्या. आम्ही दोघी एकतर सगळं धुऊन टाकत होतो नाहीतर सगळं मातीसकट उपटत होतो. हिने बसल्या जागी, दुधाच्या पातेल्यावर लक्ष ठेवत ठेवत, काय ठेवायचं आणि काय नाही ते ठरवून दिलं. मले, तुले, जावो, राहे, काहून, धुरा, सांबार, डवरणी, फल्ली (म्हणजे शेंगदाणा), हे सगळं राहणार. ळ ला हात लावायचा नाही. न-ण बद्दल विचारलं तर म्हणाली पानी लिवलं तरी चालते, पन कुनबी लिवू नको, सातबाऱ्यावर कुणबी हाये. काही शिव्या काढून टाकायला लावल्या. दोन ठेवायला लावल्या, त्या सासूच्या तोंडच्या होत्या.

हे मॅडमना सांगितलं. मला वाटलं हसतील. त्या म्हणाल्या हे मी लिहून घेते. आणि त्यांनी खरंच त्या हिशोबाने परत सगळं वाचून काढलं, एकसारखं करून दिलं, जिथे मी विसरले होते तिथे त्यांनी लक्षात आणून दिलं ("अहो, पान 40 वर काकूंचा ‘मला’ राहिलाय, तो मले करायचा ना?"). हे श्रेय द्यायलाच पाहिजे. बोली आवडत नाही असं त्यांचं काही नव्हतंच, त्यांच्याकडे आजवर कोणी हे मागितलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, नागपूरचे, जळगावचे, सोलापूरचे, सगळे येतात, आणि सगळे हो वरच टिक करतात. आईवडिलांची आठवण म्हणून पुस्तक करायला येतात आणि आईवडिलांचं बोलणं तेवढं बाहेर ठेवून जातात. हे शेवटचं वाक्य माझं, त्या एवढं नाही म्हणाल्या.

आमच्या अमरावती जिल्ह्यातच रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात म्हाइंभट तिथे बसून महानुभाव पंथाच्या चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करत होते, ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं त्यांना विचारून विचारून. त्यातनं लीळाचरित्र झालं. म्हणजे माणसांच्या आठवणी ऐकून लिहून देण्याचं काम आमच्याकडे 700 वर्षांपूर्वी झालेलं आहे, आणि त्यात माणसं माणसांसारखी बोलतात, कोणी कोणाला वेताच्या खुर्चीत बसवलेलं नाही. आता रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठही झालंय. दादा म्हणतो आईला तिथे शिकवायला पाठवू, ळ आणि य वर.

तर घ्यावी का ही सर्विस? घ्या. पण फॉर्म वाचून भरा, भाषेच्या ओळीवर थांबा, आणि ज्याच्या आठवणी आहेत त्यालाच विचारा, स्वतःच्या मनाने हो पण करू नका आणि माझ्यासारखं दुसऱ्या टोकाचं नाही पण करू नका. आपल्या भागातले 40-50 शब्द आधीच लिहून द्या, काय म्हणजे काय. पहिली बैठक वाया जाते हे धरून चाला, त्या बैठकीत तुमचं माणूस शाळा तपासणीला साहेब आल्यासारखं बोलणार. बाइंडिंग चांगलं आहे, उघडझाप करून पानं सुटली नाहीत अजून. कागद थोडा जाड चालला असता. कुरिअर त्यांचं घेऊ नका, अमरावतीच्या खोक्याचे दोन कोपरे चेपून आले. वेळेच्या बाबतीत सांगतील त्याच्या दीडपट नव्हे, पावणेदोनपट धरा.

आता पुढचं. दुसरी आवृत्ती म्हणजे खरी आवृत्ती आली, 40 प्रती, आईने पूर्ण वाचली, एका दिवसात, दुपारी झोपली नाही. काही बोलली नाही, फक्त संध्याकाळी दादाला फोन करून पाण्याच्या वाटेचं पान त्याला वाचून दाखवलं. अख्खं. मी दारात उभी राहून ऐकलं, आणि छापलेल्या प्रत्येक ळ चा ती य करत होती.

मला वाटलं झालं, जिंकलो. तर दुसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या, आईशी त्यांची गट्टी आहे, त्यांनी पुस्तक मागितलं. आई आत गेली आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातून, साड्यांच्या खालून, त्या 5 डमीतली एक काढून आणली. जात असू वाली. मी तोंड उघडणार तेवढ्यात तिने डोळे वटारले. काकू गेल्यावर मी भांडले, आई, ते चुकीचं पुस्तक आहे, त्यात तू शकुंतला नावाच्या बाईबरोबर फिरतेस, त्यात तू सांबार ओततेस. तर शांतपणे म्हणाली, "राहू दे. पुन्यातल्या लोकायले थेच बरं, त्यायले तेवढंच कळते. गावच्यायले हे." मी म्हटलं, आणि मला कुठलं देणार? तिने माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि म्हणाली, "तुले कोनतं पायजे?"

मी दोन्ही घेतली.

एक राहिलं. दुसऱ्या आवृत्तीत सगळं तपासूनही पान 87 वर एक धूर राहिलाच, "धुरावर बसून". मॅडमना कळवलं, त्यांनी माफी मागितली, पुढच्या छपाईत करू म्हणाल्या. पुढची छपाई कधी होणार कोणास ठाऊक. आईने थांबायचं नाही ठरवलं. सगळा गठ्ठा समोर घेऊन बसली आणि निळ्या बॉलपेनने एकेका प्रतीत र च्या जागी ऱ्य करत गेली. 40 प्रती, मधे एकदा चहा. दादाच्या सासरी गेलेल्या प्रतीत शाई थोडी फिसकटलीये म्हणे.